वजनांची आवड असणाऱ्यांचा कार्डिओ : कॉन्सेप्ट२ रोअर्ग रोइंग मशीनचे परीक्षण

नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये ढोबळमानाने दोन स्वभाव आढळतात. काहींना लांबवर धावताना किंवा सायकल चालवताना एकदा श्वासाची लय लागली की मन मोकळे झाल्यासारखे वाटते. काहींना मात्र बारबेलवर वजन चढवून पाच-सहा आवर्तने नेटाने पूर्ण करण्यात आणि मग दोन-तीन मिनिटे स्वस्थ बसून पुढच्या सेटची तयारी करण्यात खरे समाधान मिळते. मी दुसऱ्या गटात मोडते. ट्रेडमिलवर चढल्यावर थोड्याच वेळात घड्याळाकडे पाहू लागणाऱ्यांना ‘कार्डिओ आणि ताकद, दोन्ही एकाच यंत्रात’ हे रोइंग मशीनबद्दल नेहमी केले जाणारे विधान फार मोहक वाटते. ते कितपत खरे आहे आणि हे यंत्र कोणत्या स्वभावाच्या माणसाला मानवेल, हे या परीक्षणात पाहायचे आहे.

प्रथम यंत्राविषयी. कॉन्सेप्ट२ ही कंपनी स्थापन करणारे डिक आणि पीट ड्रायसिगॅकर हे दोघे भाऊ स्वतः नौकानयनपटू होते आणि वल्ही तयार करत असत. त्यांनी १९८१ मध्ये पहिले रोइंग मशीन बाजारात आणले, त्यात सायकलचे चाक वापरले होते. आजचे रोअर्ग, म्हणजेच पूर्वीचे मॉडेल डी, त्याच कल्पनेचे प्रगत रूप आहे. एका टोकाला जाळीदार आवरणात पंख्यासारखे फ्लायव्हील, त्याला जोडलेली साखळी, साखळीच्या शेवटी हँडल आणि लांब रुळावरून मागेपुढे सरकणारी बैठक, एवढीच त्याची रचना. लांबी सुमारे २४४ सेंटिमीटर, वजन सुमारे २६ किलो. कोणतेही अवजार न वापरता त्याचे दोन भाग वेगळे करता येतात, त्यामुळे वापर नसताना ते उभे करून ठेवणे सोपे जाते. बैठक जमिनीपासून केवळ ३६ सेंटिमीटर उंचीवर असते. ज्यांना खाली बसून उठणे अवघड जाते, त्यांनी खरेदीपूर्वी ही गोष्ट अवश्य तपासावी.

या यंत्रात वजनाच्या पट्ट्या नाहीत, ब्रेकही नाही. पंखा हवा कापतो आणि हवेचा रोध हाच भार. त्यामुळे जितक्या जोराने ओढावे तितका प्रतिकार वाढत जातो, आणि तो सरळ प्रमाणात वाढत नाही, हे या यंत्राचे मर्म आहे. वेग दुप्पट करायचा असेल तर आठपट शक्ती लावावी लागते. यंत्रावरील छोट्या संगणकाच्या पडद्यावर ५०० मीटर अंतराला लागणारा वेळ दिसतो. तो २ मिनिटे ३० सेकंद असेल तर आपण सुमारे १०४ वॅट शक्ती देत असतो, आणि तोच २ मिनिटांवर आणायचा असेल तर सुमारे २०३ वॅट द्यावे लागतात. वेळ केवळ एक पंचमांशाने कमी झाला, पण कष्ट जवळजवळ दुप्पट झाले. नव्याने बसणारा माणूस पहिल्या काही मिनिटांत धापा टाकू लागतो, त्यामागे बहुधा हेच गणित असते. तो पडद्यावरचा आकडा थोडासाच कमी करू पाहतो आणि प्रत्यक्षात श्रम मात्र भलतेच वाढवून बसतो.

पंख्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांची एक खिट्टी असते, तिला डॅम्पर म्हणतात. जिममध्ये वजनांकडून या यंत्राकडे वळलेले बहुतेक जण ती थेट १० वर नेऊन ठेवतात, कारण मोठा आकडा म्हणजे मोठे वजन, अशी त्यांच्या हातांना सवय झालेली असते. वास्तविक डॅम्पर फक्त पंख्यात किती हवा शिरावी हे ठरवतो. तो १० वर असला की जड, संथ नाव वल्हवल्यासारखे वाटते, कंबर आणि हात लवकर थकतात आणि हृदयाला अपेक्षित काम मिळण्याआधीच माणूस उठतो. बहुतेकांसाठी ३ ते ५ ही मर्यादा पुरेशी असते. खिट्टी कुठेही असली तरी यंत्रातील संगणक हवेचा प्रत्यक्ष रोध मोजून त्यानुसार शक्तीचा हिशेब करतो, म्हणून एका यंत्रावरचे आकडे दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. घरातल्या व्यायामयंत्रांपैकी फार थोड्यांबद्दल असे म्हणता येईल. अनेक यंत्रांवरचे कॅलरींचे आकडे तर मला केवळ मनोरंजनाचे वाटतात.

आता आवडीचा प्रश्न. वजने उचलणाऱ्या माणसाला रोइंग का रुचू शकते? माझ्या मते पहिले कारण असे की त्यात प्रत्येक स्ट्रोकला सुरुवात आणि शेवट असतो. पाय रेटायचे, मग धड किंचित मागे न्यायचे, मग हात ओढायचे. परत येताना हाच क्रम उलटा, आधी हात, मग धड, शेवटी गुडघे. ओढण्याला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण दुप्पट वेळ परतीला द्यायचा. हा क्रम सांभाळण्यात लक्ष गुंतून राहते आणि चुकला तर पडद्यावरचा आकडा लगेच बिघडतो. डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरचा बारबेल उचलून सरळ उभे राहण्याचे, तंत्र सुधारण्यात ज्याला रस आहे, त्याला इथेही तसाच रस घेता येतो. धावण्यात तंत्र नसते असे मुळीच नाही. पण धावणाऱ्याला प्रत्येक पावलानंतर त्याचा निकाल समोर दिसत नाही. दुसरे कारण असे की व्यायामाचे तुकडे सहज पाडता येतात. ५०० मीटर वल्हवणे, दोन मिनिटे विसावा, पुन्हा ५०० मीटर, हा आराखडा सेट आणि विश्रांतीच्या सवयीला जवळचा आहे, आणि यंत्राच्या संगणकात तो आधीच भरून ठेवता येतो.

तरीही कार्डिओ नकोसा वाटण्याचे सर्वांत मोठे कारण, माझ्या निरीक्षणानुसार, प्रकारापेक्षा तीव्रतेत असते. व्यायामाच्या वेळी माणसाला कसे वाटते यावर झालेल्या संशोधनातून एक गोष्ट बरीच स्पष्ट झाली आहे. श्वास झपाट्याने वाढू लागतो त्या उंबरठ्याच्या खाली व्यायाम सुखद वाटेल की नाही हे व्यक्तीनुसार बदलते, पण त्या उंबरठ्याच्या वर गेल्यावर बहुतेक सर्वांनाच अस्वस्थ वाटू लागते. म्हणजे जो माणूस दर वेळी उंबरठा ओलांडूनच धावतो आणि मग ‘मला कार्डिओ आवडत नाही’ असे म्हणतो, त्याने सौम्य कार्डिओ कधी अनुभवलेलाच नसतो. हा उंबरठा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. व्यायाम करताना पूर्ण वाक्ये बोलता येत असतील तर आपण खाली आहोत. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वर गेलो आहोत. रोअर्गवर मिनिटाला १८ ते २२ स्ट्रोक इतक्या संथ गतीने, बोलता येईल एवढ्याच जोरात वल्हवणे हा अगदी वेगळा अनुभव आहे. आश्चर्य म्हणजे वजने उचलणाऱ्यांनाच हे जमायला अधिक वेळ लागतो. प्रत्येक आवर्तनात जोर लावण्याची सवय असल्याने हलक्या हाताने ओढणे त्यांना कमीपणाचे वाटते.

मग ‘ताकद’ या शब्दाचे काय? इथे मात्र विधान पारखून घ्यावे लागते. मिनिटाला २० स्ट्रोकच्या गतीने अर्धा तास वल्हवले तर ६०० स्ट्रोक होतात, आणि जी हालचाल ६०० वेळा करता येते ती स्नायूंच्या कमाल ताकदीच्या आसपासही पोहोचत नाही. ताकद वाढवायची असेल तर स्नायूला असा भार द्यावा लागतो की थोड्याच आवर्तनांत आता आणखी एक-दोनच निघतील अशी स्थिती यावी, आणि ते सोपे होऊ लागले की भार वाढवावा लागतो. दुसरी उणीव कमी बोलली जाते, पण ती तितकीच महत्त्वाची आहे. स्क्वॉटमध्ये, म्हणजे वजन घेऊन काढलेल्या बैठकीत, खाली जाताना किंवा डंबेल हळूहळू उतरवताना स्नायू भार पेलत लांबतो, आणि स्नायूंच्या वाढीसाठी हा टप्पा फार उपयोगी असतो. हवेच्या रोधावर चालणाऱ्या रोइंग मशीनमध्ये परतीच्या वेळी भारच नसतो. म्हणून दीर्घ रोइंगनंतरही दुसऱ्या दिवशी अंग फारसे दुखत नाही, आणि म्हणूनच स्नायूंना मिळणारी चालनाही मर्यादित राहते. शिवाय यात सगळे ओढणेच आहे. हातांनी ढकलण्याची हालचाल नसल्यामुळे छाती आणि दंडाच्या मागच्या बाजूला जवळजवळ काम मिळत नाही. ज्याने आजवर कोणताच व्यायाम केलेला नाही त्याचे पाय आणि पाठ सुरुवातीच्या काळात थोडी बळकट होतील, पण तेवढेच. माझा निष्कर्ष असा की हे उत्तम कार्डिओ यंत्र आहे आणि ताकदीचे यंत्र म्हणून ते घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही या दोन गोष्टी वेगळ्याच मोजतात. प्रौढांनी आठवड्याला मध्यम तीव्रतेचा १५० ते ३०० मिनिटे किंवा जोरकस असा ७५ ते १५० मिनिटे एरोबिक व्यायाम, म्हणजेच कार्डिओ, करावा, आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे आवड हा निवडीचा निकष जरूर आहे, पण एकीकडच्या आवडीने दुसरीकडची गरज भागत नाही. नावडत्या बाजूचा असा प्रकार शोधायचा की तो निदान सुसह्य व्हावा, एवढीच मोकळीक आपल्याला असते.

वजनप्रेमींच्या मनात यावर एक हमखास शंका असते, ती म्हणजे कार्डिओमुळे कमावलेली ताकद घटेल का? या भीतीचे मूळ रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० मधील प्रयोगात आहे. त्यात ताकद आणि दमसास या दोन्हींचा सराव एकाच वेळी करणाऱ्या गटाची ताकद सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत वाढली आणि नंतर तिची वाढ खुंटली, तर केवळ वजने उचलणाऱ्यांची वाढतच राहिली. मात्र त्या प्रयोगातला सराव आठवड्यात पाच-सहा दिवसांचा आणि कमालीचा कठोर होता. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास वल्हवणाऱ्याने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. एकाच सत्रात दोन्ही करायचे असतील तर वजने आधी आणि रोइंग नंतर, हा क्रम बरा, कारण थकलेल्या कमरेने डेडलिफ्ट करणे शहाणपणाचे नाही.

कंबरेचा उल्लेख आला म्हणून सांगते, नौकानयनपटूंमध्ये सर्वाधिक तक्रारी कमरेच्या खालच्या भागाच्या असतात. पुढे झुकताना पाठ गोल होऊ देणे आणि दमल्यावरही ओढत राहणे या सवयींनी तिथे ताण वाढतो. गुडघ्यांना आणि घोट्यांना मात्र हे यंत्र सौम्य आहे, कारण पाय जमिनीवर आपटत नाहीत. त्याचीच दुसरी बाजू अशी की धावणे, उड्या मारणे किंवा जड वजने उचलणे यांतून हाडांना जी चालना मिळते, ती इथे त्या प्रमाणात मिळत नाही.

उरल्या किरकोळ बाबी. हवेच्या रोधावर चालणारे कोणतेही रोइंग मशीन आवाज करतेच, आणि जोर वाढला की आवाजही वाढतो. शेजारच्या खोलीत कोणी झोपलेले असेल तर चुंबकीय रोधाचा किंवा पाण्याच्या टाकीचा पर्याय पाहावा. देखभाल फारशी नाही. रूळ वापरानंतर पुसावा आणि साधारण ५० तासांच्या वापरानंतर साखळीला तेल द्यावे. बैठक सुरुवातीला कठीण वाटते, तो या यंत्रप्रकाराचाच गुण आहे.

हे यंत्र कोणी घ्यावे? ज्यांना वजने आवडतात, कार्डिओ कंटाळवाणा वाटतो, पण आकडे आणि तंत्र यांत मन रमते, त्यांच्यासाठी याहून योग्य पर्याय मला दिसत नाही. ज्यांना धावणे किंवा सायकल आधीच प्रिय आहे, त्यांना याची गरज नाही. त्यांच्याकडे नसलेली गोष्ट ताकद आहे, तेव्हा त्यांनी डंबेलची एक जोडी आणि ती शिकवणारा चांगला प्रशिक्षक शोधावा. आणि मित्राला झालेला फायदा पाहून कोणीच निर्णय घेऊ नये. हेरिटेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात बैठ्या जीवनशैलीच्या माणसांनी २० आठवडे सायकल यंत्रावर आखून दिलेला सारखाच व्यायाम केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता मिनिटाला सरासरी सुमारे ४०० मिलिलिटरने वाढली, पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही, तर काहींची एक लिटरहून अधिक वाढली. खरेदीपूर्वी एखाद्या जिममध्ये डॅम्पर ४ वर ठेवून, बोलता येईल अशा गतीने वीस मिनिटे वल्हवून पाहावे, आणि हे निदान तीन वेगवेगळ्या दिवशी करावे, कारण पहिला दिवस हातापायांचा क्रम लक्षात ठेवण्यातच जातो.