कालवडीचा कान ओला होता, मी पाहिलाच नाही

मागच्या एप्रिलात एका व्यापाऱ्याकडून 5 संकरित कालवडी घेतल्या, 70 हजार रोख देऊन. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातले. घरच्या गवळाऊ, म्हणजे इकडच्या देशी जातीच्या, गाई कधी गाडीत चढल्या नाहीत, त्यामुळे लांबून आलेलं ढोर कसं दिसतं ते मला ठाऊकच नव्हतं.

व्यापारी म्हणाला, "भाऊ, दोन महिन्यांपासून माह्याच दावणीला हायेत. खुरकूत, घटसर्प, साऱ्या लसी झाल्या, हा पाहा कानातला बिल्ला. घरी नेल्याबरोबर भरडा दाबून चारा, चार दिसांत अंग धरतीन." पोटं टम्म दिसत होती. मी भुललो.

त्याच्याच गड्यानं पुढं खरं सांगितलं. कालवडी आदल्या रात्री ट्रकमधून उतरल्या होत्या. मीठ चाटवून पोटभर पाणी पाजलं, की उपाशी ढोरही भरलेलं वाटतं.

मी घमेलंभर मक्याचा भरडा टाकला. दुसऱ्या दिवशी एकीला आंबट वासाची हगवण. तिसऱ्या दिवशी दोघींच्या नाकातून घट्ट शेंबूड, माना लांब करून धापा, ताप 105. निरोगी ढोराचा 101-102 असतो.

डॉक्टर आले. प्रवासात उपाशीतापाशी राहिलेल्या ढोराच्या पोटातले जंतू मंदावतात, त्यावर एकदम धान्य पडलं की पोटात आम्ल होतं, आणि ताणानं फुफ्फुसाचा आजार उचल खातो, असं त्यांनी समजावलं. आधी सावली, थोडं थोडं स्वच्छ पाणी आणि ज्वारीचा कडबा. भरडा मुठीनं वाढवत न्यायचा. नवी ढोरं जुन्यांपासून लांब बांधायची.

मग त्यांनी एकीचा कान उलटा केला. बिल्ल्याभोवती पू, भोक अजून ओलं. "लस दोन महिन्यांपूर्वीची, मग हा कान कालचा कसा?" बिल्ल्यावरचा 12 आकडी नंबर मोबाईलवर टाकला, तर नोंद दुसऱ्या तालुक्यातल्या म्हशीची निघाली!

दोघी वाचल्या नाहीत. व्यापारी म्हणतो, रस्त्यात काय झालं मला काय माहीत. माझ्याकडे पावती नाही.

भावांनो, पैसे मोजण्याआधी कान हातात घेऊन पाहा, नंबर दवाखान्यात तपासून घ्या, मानेची कातडी चिमटीत धरा. पाणी आटलेल्या ढोराची घडी लवकर बसत नाही. माझ्या तिघी आता कुटार खातात, पण एकीचा खोकला अजून गेला नाही.