स्लॉपी जो: डब्यातला सॉस की घरचा?

अमेरिकेत स्लॉपी जो म्हणजे धावपळीच्या दिवसाचं हुकमी रात्रीचं जेवण. खिमा परतायचा, मॅनविच या तयार सॉसचा डबा ओतायचा, बनमध्ये भरायचं. वीस मिनिटांत पोरं जेवायला. १९६९पासून हा डबा तिथल्या दुकानांत आहे, आणि दमून आलेल्या आईबापांना त्याचा खरंच आधार आहे.

तरी माझं मत घरच्या सॉसलाच. अर्धा किलो खिम्याला एक कांदा, अर्धी ढोबळी मिरची, पाऊण कप केचप, चमचाभर मोहरीचा सॉस, तेवढीच ब्राउन शुगर आणि थोडा वूस्टर सॉस. खिमा नुसता रंग बदलेपर्यंत नको, बुडाला तांबूस खरपुडी धरेपर्यंत परता. मग थोडं पाणी घालून ती खरवडून घ्या. सगळी चव तिथेच असते. मंद आचेवर पंधरा मिनिटं आटवलं की चमचा फिरवल्यावर वाट पडते आणि लगेच मिटत नाही. डब्यात गोडी आधीच ठरलेली, इथे साखर आपल्या हातात. वेळ दहाएक मिनिटं जास्त, एवढंच.

बन मात्र दोन्ही वेळा लोण्यावर शेकूनच घ्या, नाहीतर रस मुरून हातातच फाटतो. खिमा-पाव खाणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको.