मांजराच्या घरात मनीप्लांट ठेवावा की स्पायडर प्लांट?

मनीप्लांट मांजराला बाधतो, हे बहुतेकांच्या कानांवर आलेले असते. तरीही कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत कोणत्याही गल्लीतून फिरावे, ग्रिलवर चढवलेला किंवा खिडकीत बाटलीत लावलेला मनीप्लांट दिसतोच. आमच्या घरात बोका आल्यावर हे झाड ठेवायचे की त्याच्या जागी स्पायडर प्लांट आणायचा, हा निर्णय मलाही घ्यावा लागला.

मनीप्लांटच्या बाजूने बोलायचे तर त्याच्याइतके सोशिक झाड शोधून सापडणार नाही. त्याचे विषही सहसा जिवावर बेतणारे नसते. पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावताच ते जिभेत आणि हिरड्यांत रुततात, तोंडाची आग होते, लाळ गळते, मांजर पंजाने तोंड चोळते आणि कधी ओकते. पुष्कळ मांजरे एका चाव्यानंतर त्या झाडाच्या वाटेला जात नाहीत, असेही म्हणतात. तेव्हा ज्यांचे मांजर झाडांकडे ढुंकूनही पाहत नाही, त्यांनी मनीप्लांट ठेवला तर मी त्यांना दोष देणार नाही.

माझा निर्णय मात्र एका कटकटीने झाला. ‘उंचावर टांगा’ हा सल्ला सगळेच देतात. पण मनीप्लांट उंचावर राहत नाही, तो खाली येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की छाटलेली वेल पाहता पाहता पुन्हा लोंबू लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत संततधारेमुळे बोका गच्चीवर न जाता दिवसभर घरात असतो. वाऱ्याने हलणारे वेलीचे टोक त्याला खेळण्यासारखेच वाटते. वेल वेळच्या वेळी छाटली, तरी पिवळे पडलेले एखादे पान देठासकट गळते, दिवाणाखाली सरकते आणि झाडू फिरण्याआधी त्याच्या पंजात सापडते. झाड सांभाळण्यापेक्षा त्याच्यावर पहारा ठेवण्यातच वेळ जाऊ लागला, तर ते घरात असण्याचे सुख उरत नाही, असे माझे मत झाले.

स्पायडर प्लांटही खाली लोंबतो आणि बोका त्याची गवतासारखी पाने अधिकच आवडीने चघळतो, हे मान्य करायला हवे. आमच्या कुंडीतली पुढची पाने नेहमी कुरतडलेली असतात. पान जास्त खाल्ले तर मांजर ओकते. पण अमेरिकेतील एएसपीसीए या प्राणीकल्याण संस्थेच्या यादीत हे झाड मांजरांसाठी बिनविषारी म्हणून नोंदलेले आहे, त्यामुळे कुरतडलेले पान पाहून छातीत धस्स होत नाही. पानांची टोके करपतात, ही त्याची खरी उणीव. पाण्यातील क्षार आणि फ्लोराईड त्याला सोसत नाहीत. पावसाळ्यात पागोळ्यांखाली बादली ठेवून ते पाणी घातल्यापासून आमच्या झाडाची नवी पाने बरीच स्वच्छ येत आहेत.

ज्यांना मोठे झाड हवे असेल, त्यांच्यासाठी अरेका पामही बिनविषारी आहे. सॅगो पाम मात्र नावापुरताच पाम असून तो यकृत निकामी करू शकतो. तो घरात नकोच. लिलीबाबतही तडजोड करू नये. पीस लिलीचा त्रास मनीप्लांटसारखाच असतो, पण बुकेमधल्या खऱ्या लिलीचे पान, अंगावर सांडलेले आणि चाटून पोटात गेलेले परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीदेखील मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. तसा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

मनीप्लांट मोडवत नसेल, तर तो मांजर न फिरकणाऱ्या, दार बंद राहणाऱ्या खोलीत हलवता येईल. तशी खोली नसेल, तर मी स्पायडर प्लांटच सुचवीन. त्याच्या लोंबणाऱ्या दांड्यांवरची पिल्ले पाण्यात ठेवली की मुळे धरतात. त्यातली एक कुंडी मांजराला चघळण्यासाठी खालीच ठेवली, तर वरच्या कुंड्यांची पाने बऱ्यापैकी शाबूत राहतात.