चाळीसगावात भाड्याचं घर, तेही गाडीसकट: फ्लॅट की बंगल्याचा मजला?

बदली होऊन चाळीसगावात आलेल्या माणसाला दोन-तीन खोल्या मिळून जातात. अडतं ते चारचाकीपाशी. "पार्किंग आहे ना" असं घरमालक सहज सांगतो, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ "दारासमोर रस्ता आहे" एवढाच असतो.

गाडी असेल तर जुनं गाव सोडून द्या. बाजार पायाशी असतो खरा, पण बोळात मोटरसायकल वळवायचीही मारामार. शिवाय ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना आलेला पूर थेट गावात शिरला होता. नदीच्या बाजूला घर बघत असाल तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं. तो भिंतीवर हात ठेवूनच दाखवेल.

मग उरतात भडगाव रोड, धुळे रोडकडचे फ्लॅट आणि कॉलन्यांमधले बंगले.

फ्लॅटची मोठी जमेची बाजू म्हणजे बिल्डिंगखालची सावली. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचं स्टेअरिंग धरवत नाही. पण ती जागा नेमकी कोणाची, हे आधीच बघा. मोकळं किंवा इमारतीखालचं पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं होतं. त्यामुळे "मी विकत घेतलंय" हे मालकाचं बोलणं पुरेसं नाही. सोसायटीने ती जागा त्याला नेमून दिली आहे का, ते विचारा. नाहीतर दोन खांबांच्या मधे कोणाचा तरी जुना कूलर आणि तीन सायकली असतातच.

बंगल्यात मालक खाली, तुम्ही वर. पहिला प्रश्न येतो, "गाडी कितली मोठी शे, भाऊ?" प्रश्न रास्त आहे. स्विफ्टसारखी गाडी आरसे सोडूनच जवळपास पावणेसहा फूट रुंद, आणि बरीच गेटं स्कूटर डोळ्यांपुढे ठेवून केलेली. बोलणी करण्याआधी गाडी एकदा आत घालून, वळवून, बाहेर काढून बघा. गटारीवरची फरशी वजन पेलते का तेही कळेल. मालकाचीही गाडी असेल तर कोणाची पुढे, कोणाची मागे, हे आत्ताच ठरवा. उन्हाळ्यात अंगणात बिबडे-कुरडया वाळत पडल्या की गाडी रस्त्यावर जाणार, दिवाळीत पुण्याचा मुलगा आला की पुन्हा जाणार. त्याला इलाज नाही. वरचा मजला तापतो, ते वेगळंच.

तरी माझा कौल असा: रोज सकाळी गाडीनेच धुळ्याला किंवा जळगावला निघायचं असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी फ्लॅट घ्या. रेल्वेने अप-डाऊन करणार आणि गाडी रविवारीच काढणार असाल तर बंगला बरा. गेटला कुलूप असतं आणि दिवसभर कोणीतरी घरात असतं.

दोन्हीकडे पार्किंगची जागा करारात लिहून घ्या. करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. "कशाला खर्च, आपण घरचेच" असं कोणी म्हणालं, तर नोंदणीचा निम्मा खर्च तुम्ही देऊ करा.