कोड: मलम, लाइट की ग्राफ्टिंग?

कोड म्हणजे कातडीचा रंग जाऊन पडणारे पांढरे डाग. कुठल्याही उपचाराचा खर्च विचारण्याआधी डागावरचे केस बघा. काळे असतील तर आशा बरी. रंगपेशींचा साठा केसांच्या मुळाशी असतो, त्यामुळे रंग परततो तोही मुळाभोवती तिळाएवढे ठिपके उमटत. केस पांढरे झाले असतील, किंवा डाग बोटांच्या टोकांवर वा ओठांवर असेल, तर मलम आणि लाइट (किरणांचा उपचार) दोन्ही बहुधा हात टेकतात.

डाग थोडे आणि चेहऱ्यावर असतील तर आधी मलम. स्टेरॉइडचं मलम गुण देतं, पण महिनोन्‌महिने चोपडलं की कातडी पातळ होते. पापण्यांजवळ टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम बरं. सुरुवातीला चुरचुरतं, घाबरून सोडू नका. रुक्सोलिटिनिब या औषधाच्या मलमाला अमेरिकेत २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली. तेही महिनोन्‌महिने लावावं लागतं.

अंगभर पसरलेल्या डागांना लाइट, म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी हे ठरावीक अतिनील किरण. आठवड्यातून दोन-तीन खेपा, आणि निदान तीन महिने झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही. इथे फीपेक्षा बसभाडं आणि अर्ध्या दिवसाच्या रजा जड जातात. ते जमणार नसेल तर सुरूच करू नका. अधूनमधून घेतलेल्या लाइटचा उपयोग नाही. जमलं तर जोडीला मलम ठेवा, दोन्ही मिळून जास्त गुण येतो.

ग्राफ्टिंगची, म्हणजे अंगावरची चांगली कातडी काढून डागावर बसवण्याची, घाई सर्वांत जास्त होते, कारण लग्न तोंडावर आलेलं असतं. पण डाग निदान वर्षभर जागचा हललेला नसावा. नाहीतर जिथून कातडी घेतली तिथेच नवा डाग उठू शकतो. दर महिन्याला डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. ‘वाढला वाटतं’ यापेक्षा तो पुरावा खरा. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा आलेला आणि थांबलेला डाग असेल, तर मात्र ग्राफ्टिंग उत्तम.

काहीच न करणं हाही पर्याय आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा बोलला जात नाही. कोड संसर्गजन्य नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्यानेही होत नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशन या कोड असलेल्यांच्या आधारगटाने ‘श्वेत त्वचा’ हा शब्द रुजवला तो याच भूमिकेतून. फक्त उन्हात डागांना सनस्क्रीन लावा.

आणि डाग कपाळावर, नेमका टिकलीच्या जागी असेल तर? टिकलीच्या गोंदातलं रसायन रंगपेशी मारू शकतं. आधी टिकली बंद करा, आणि डॉक्टरकडे जाताना टिकल्यांचं पाकीट सोबत न्या.