म्हाताऱ्या मुधोळसाठी मागच्या पायांचा आधारपट्टा: सात महिन्यांनंतर

आमचा कुत्रा वाघ्या १२ वर्षांचा, मुधोळ जातीचा. मागच्या पायांना सांधेदुखी आणि जोडीला किडनीचा आजार. जुलैमध्ये, बेळगावचा पाऊस ऐन जोरात असताना, तो अंगणाच्या पायरीवर घसरला आणि त्याला उठताच येईना. त्याच आठवड्यात हा पट्टा मागवला. छातीला एक भाग, कमरेला दुसरा, दोन्हींना धरायला मुठी. किंमत २,४०० रुपये.

आधी मापाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त त्रास तिथेच झाला. कंपनी वजनावरून माप सांगते. २४ किलोला ‘मीडियम’, पण तो छातीला लागेना. ‘लार्ज’ मागवला तर छातीला बसला आणि पोटाकडून सरकत कमरेवर गेला. मुधोळची छाती खोल, कंबर बारीक. पट्टा मात्र लॅब्रेडॉरच्या अंगावर बेतलेला. मुधोळ गाव आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, २००५ साली या कुत्र्याचं टपाल तिकीट निघालं, आणि त्याच्या मापाचा पट्टा मिळू नये याचं खरंच वाईट वाटतं. शेवटी खडेबाजारात बॅगा शिवणाऱ्या मामांकडून पोटाचा पट्टा चार बोटं आत घेतला, आतून मऊ नमदा लावून घेतला. तेव्हा कुठे तो जागेवर राहिला.

तिसऱ्या आठवड्यात जांघेत लाल चट्टे उठले. चूक माझी होती. सारखी काढघाल नको म्हणून मी पट्टा दिवसभर अंगावरच ठेवायची. या जातीची कातडी पातळ, खाली चरबी नाही, त्यात लघवीने पट्टा ओला. आता फिरून आलं की लगेच काढते, अंग पुसते, जांघ बघते. पट्टा वाळत असताना पोटाखालून जुना टॉवेल घालून काम भागवते. कमी वजनाचा कुत्रा असेल तर आधी टॉवेलच वापरून बघा.

डॉक्टरांनी शिकवलेली एक गोष्ट मात्र पट्ट्याबरोबरच्या कागदावर कुठेच नाही. मी त्याला जवळजवळ उचलूनच न्यायची, मागचे पाय नुसते लोंबायचे. ते म्हणाले, “त्याचा तोल सावरेल तेवढाच भार तुम्ही घ्या, पाय जमिनीला टेकू दे. नाहीतर उरलेले स्नायूही जातील.” महिनाभरात तो दारापासून पेरूच्या झाडापर्यंत स्वतःच्या पायांनी जायला लागला.

दुखण्यावरची नेहमीची गोळी त्याला चालत नाही, ती किडनीवर ताण आणते. आपल्या घरातली ब्रुफेन तर कुठल्याच कुत्र्याला देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. किडनीमुळे पाणी खूप पितो, म्हणून रात्रीत दोन-तीनदा बाहेर न्यावं लागतं. त्या वेळी हा पट्टा नसता तर आई आणि मी दोघीही थकलो असतो. आईला वाकवत नाही, म्हणून मुठीला सुती नाडा बांधून लांब केलाय.

घरात मात्र पट्ट्यापेक्षा काथ्याच्या पायपोसांचा उपयोग जास्त झाला. गुळगुळीत फरशीवर ते ओळीने टाकले आणि घसरणं जवळजवळ थांबलं. थंडीत सांधे आखडतात, तेव्हा खाली घोंगडी.

शिलाई अजून मजबूत आहे, एका बकलाचा दात तेवढा तुटला. पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन, पण छाती आणि कंबर दोन्ही मोजून. वाघ्याचं वजन आता २१ किलोवर आलंय, पट्टा ओढून ओढून टोकाला पोचलाय. सोमवारी मामांकडून आणखी दोन बोटं आत घेऊन आणायचाय.