हॉलसाठी ग्रे घेताना आमच्या जवळच्या पेंटच्या दुकानाचा अनुभव

दुकान छोटंसं आहे पण काका जीव लावून मदत करतात म्हणून मुद्दाम लिहितेय. हॉलला ग्रे हवा होता, शेडकार्डवरचे तीन शेड मला अगदी सारखेच वाटत होते, मी पहिलाच फायनल करणार तर काका म्हणाले ताई आधी पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, आणि खरंच, एक निळसर निघाला, एक हिरवट आणि तिसऱ्यात मातकट झाक. मग तिन्हींचे छोटे डबे मशीनवर बनवून दिले, आम्ही पुठ्ठ्यांवर दोन-दोन कोट मारून दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवले. आमचा हॉल उत्तरेकडचा, थेट ऊन येतच नाही, त्यात निळसर ग्रे सकाळी पावसाळी आभाळासारखा उदास दिसायचा, आणि रात्री 3000 केल्विनचे पिवळे दिवे लावले की हिरवटवाला अजूनच हिरवा. मातकट दोन्ही वेळा मस्त, उबदार, तोच घेतला.

एकच खटकलं, नंतर आणलेला डबा किंचित गडद लागला, मधल्या भिंतीवर पट्टा उठून दिसत होता. काकांनी बदलून दिला, पण तुम्ही सगळे डबे एकदमच बनवून घ्या आणि लावायच्या आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा.